किलिमला काही सांगायचंच नसेल तर?

ऑनलाइन दुकानात किलिम शोधलात, तर फोटोखाली हमखास अशा अर्थाचं वाक्य सापडतं, की यातली प्रत्येक गाठ एक गोष्ट सांगते. मला या वाक्याची गंमत वाटते, कारण किलिममध्ये गाठच नसते. गालिच्यात उभ्या धाग्यांना लोकरीच्या गाठी मारून मऊ लव तयार करतात. किलिम मात्र आपल्या सतरंजीसारखा सपाट: आडव्या धाग्यांनी उभे धागे पूर्ण झाकून टाकायचे, बस्स.

पण त्या गाठीपेक्षा मला त्यातली ‘गोष्ट’ जास्त खटकते. सुंदर वस्तूने आपल्याला काहीतरी सांगितलंच पाहिजे, हा हट्ट कशासाठी? आणि तो पुरवताना आपण कुणाच्या तोंडी शब्द घालतो?

अनातोलियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या आशियाई भागात, गावांतल्या आणि भटक्या कुटुंबांतल्या बायका किलिम विणत आल्या. ते जमिनीवर अंथरायला, अंथरुणांच्या चवडीवर झाकायला, लग्नात सोबत न्यायला उपयोगी पडत. काही मशिदींना दान दिले जात. त्यांच्या नक्ष्यांना नावं आहेत. ‘एलीबेलिंदे’ म्हणजे हात कमरेवर: दोन्ही कोपरं बाहेर काढून उभ्या राहिलेल्या बाईसारखी आकृती. ‘कोचबोयनुझु’ म्हणजे मेंढ्याची शिंगं. विक्रेत्यांची माहितीपत्रकं लगेच सांगतात, पहिलीचा अर्थ मातृत्व, दुसरीचा पौरुष.

पण नाव म्हणजे अर्थ नव्हे. पैठणीच्या एका काठाला आपण नारळी म्हणतो. म्हणून तो विणणारा नारळाबद्दल काही सांगत असतो का? नाव असतं ते ओळखायला, ‘तो काठ घाल’ असं म्हणता यावं म्हणून.

अर्थ शोधण्याचा हा हट्ट किती लांब जाऊ शकतो, याचं एक गाजलेलं उदाहरण आहे. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ जेम्स मेलार्ट यांनी १९६० च्या दशकात कोन्याजवळच्या चाताल्हयुक या सुमारे ९००० वर्षं जुन्या वस्तीचं उत्खनन केलं. १९८९ मध्ये त्यांनी दोन सहलेखकांसोबत चार खंडांचा ग्रंथ काढला. त्यात मेलार्ट यांची काही भित्तिचित्रांची रेखाटनं होती, आणि त्यांत किलिमसारख्या नक्ष्या होत्या. दावा असा, की एलीबेलिंदे ही आदिम मातृदेवता असून ती हजारो वर्षं मागावर जिवंत राहिली आहे. संग्राहक खूश झाले. अडचण एवढीच, की त्या भिंतींचे फोटो नव्हते. मेलार्ट २०१२ मध्ये वारले. २०१८ मध्ये एबरहार्ड त्सांगर या संशोधकाने जाहीर केलं, की मेलार्ट यांच्या लंडनच्या घरात अशा ‘भित्तिचित्रां’ची सरावासाठी काढलेली कच्ची रेखाटनं सापडली आहेत.

मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो त्याआधीचा एक आक्षेप. मार्ला मॅलेट या स्वतः विणकाम करणाऱ्या अभ्यासक. १९९० मध्येच त्यांनी हा वाद विणणाऱ्याच्या नजरेतून तपासला. नक्षीचा उगम शोधायला भिंतीकडे कशाला जायचं, आधी मागाकडे बघा, असा त्यांच्या मांडणीचा रोख होता.

मागाकडे बघू या. किलिममध्ये लाल आणि निळा भाग शेजारी आले, की लाल धागा आपल्या हद्दीवरून मागे फिरतो, निळा आपल्या हद्दीवरून. दोघं एकमेकांत अडकत नाहीत, त्यामुळे मध्ये उभी फट राहते. हद्द सरळ वर नेत राहिलात, तर फट लांबते आणि कापड कमकुवत होतं. म्हणून विणणारी दर काही ओळींनंतर हद्द थोडी बाजूला सरकवते. त्यातून पायऱ्या तयार होतात, तिरक्या कडा येतात, त्रिकोण आणि आकडे तयार होतात. पैठणी विणतानाही हाच प्रश्न येतो. तिथे शेजारचे रंगीत धागे एकमेकांत गुंतवून तो सोडवता येतो.

म्हणजे किलिमची ती टोकदार, करकरीत भाषा बऱ्याच अंशी एका अडचणीला दिलेलं उत्तर आहे. इथेच मला नैतिक प्रश्न दिसतो. नक्षी ९००० वर्षांपूर्वीच्या देवीची असेल, तर विणणारी बाई फक्त निरोप पोचवणारी ठरते. तिच्या हातून काहीतरी थोर पुढे जातं, पण तिला त्याचा पत्ता नसतो. वरून कौतुक वाटतं खरं, पण त्यात तिची अक्कल, तिची निवड, तिचा कंटाळा आणि तिची हौस, सगळं पुसलं जातं.

यावर कुणी म्हणेल, गोष्टीमुळे किलिम विकला जातो, तिला चार पैसे मिळतात, मग बिघडलं कुठे? मुद्दा खोटा नाही. शिवाय काही अर्थ खरेच असतात. नजर लागू नये म्हणून डोळ्याची खूण घालणाऱ्या बाईचा त्यावर विश्वास असेल, तर तो अर्थ तिचाच. मी अर्थाच्या विरोधात नाही. तो तिने सांगितला, की तिच्यावर चिकटवला, एवढंच मला विचारायचंय.

आणि तिने काहीच सांगितलं नसेल तर? मला वाटतं, तेव्हा गप्प राहून नीट बघणं हाही आदरच आहे. किलिम उजेडासमोर धरलात, तर फटींतून प्रकाश येतो. कुठे तिने हद्द सरकवली, कुठे लाल रंगाची छटा मध्येच बदलली, कारण धाग्यांचा पुढचा घाणा वेगळा रंगला होता, हे दिसतं. तिथे एका माणसाने काहीतरी ठरवलं होतं. ते का ठरवलं, हे आपल्याला कळायलाच हवं असं नाही.