रेघेवरचा शब्द

दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत ‘आकृतिबंध पूर्ण करा’ अशी दोन गुणांची कृती असते. मधल्या चौकटीत उताऱ्यातला एखादा शब्द छापलेला, भोवती चार रिकाम्या चौकटी, त्यांना जोडणाऱ्या चार रेघा. मुलं उताऱ्यावरून बोट फिरवतात, चार शब्द सापडले की उचलून चौकटींत ठेवतात. उतारा कळला नसला तरी दोन गुण पदरात पडतात. इतिहासात याच्याच भावंडाचं नाव संकल्पनाचित्र, आणखी कुठे ओघतक्ता. गाइडांत या आकृत्या भरून तयार मिळतात आणि मुलं त्या चौकटींसकट पाठ करतात. घोकंपट्टी हटवायला आणलेली गोष्ट घोकंपट्टीनेच गिळली. त्यासाठी मुलांना बोल लावण्यात अर्थ नाही, गाइडवाल्यांनाही नाही. माझी तक्रार त्या रेघांबद्दल आहे. त्या मुक्या असतात.

जन्मतः त्या मुक्या नव्हत्या. १९७२ च्या सुमारास अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोवाक आणि त्यांचे सहकारी मुलांची विज्ञानाची समज कशी वाढते याचा वर्षानुवर्षं माग ठेवत होते. मुलाखतींच्या कागदांचे ढीग साचले, पण कोणाची समज कुठे बदलली हे काही त्यातून हाती लागेना. तेव्हा त्यांनी मुलाच्या बोलण्यातल्या कल्पना कागदावर मांडल्या, रेघांनी जोडल्या आणि प्रत्येक रेघेवर जोडणारा शब्द लिहिला. दोन कल्पना आणि मधला शब्द मिळून अर्थपूर्ण विधान झालं पाहिजे, ही अट. म्हणजे मुलाच्या डोक्यात काय चाललंय ते मोठ्यांना दिसावं, यासाठी हे साधन निघालं. वर्गात ते नंतर आलं. आपल्या व्याकरणाच्या भाषेत, चौकटीत नाम येतं आणि रेघेवर क्रियापद किंवा अव्यय. आपण नामं ठेवून घेतली, बाकीचं गाळलं.

गाळल्याने काय जातं, ते बघायला कोयनानगरइतकी चांगली जागा नाही. धरण, शिवसागर जलाशय, पोफळी, वाशिष्ठी, भूकंप ही नामं तिथल्या मुलांना शिकवावी लागत नाहीत. पण पाणी कुठून कुठे जातं ते एका परिच्छेदात सांगायला घ्या, जीभ अडखळते. कोयना महाबळेश्वरला उगम पावून दक्षिणेला येते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते, कराडला कृष्णेला मिळते आणि पुढे सांगलीच्या वाट्याला येते. धरणाने तिला दुसरी वाट काढून दिली. बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटात, पोफळीच्या भूमिगत वीजगृहात, तिथून वाशिष्ठीत आणि थेट अरबी समुद्रात. एकाच नदीचं पाणी दोन समुद्रांना जातं. धरणाचा साठा १०५ टीएमसीच्या थोडा वर, त्यातल्या पश्चिमेला वळवायच्या पाण्यावर कृष्णा पाणीतंटा लवादाची ६७.५ टीएमसीची मर्यादा. वीज की शेती हा सगळा झगडा त्या एका फाट्यावर बसलेला आहे. फाटा काढून दाखवला की तो पोराटोरांनाही दिसतो. चार पानी टिपणात तो हरवतो. आकृतीच्या बाजूने माझ्याकडे याहून मोठा पुरावा नाही.

पुढचा बाण मात्र अवघड. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ रिश्टरच्या आसपासचा भूकंप झाला, सुमारे दोनशे माणसं गेली. धरणात पाणी साठू लागून तेव्हा पाचेक वर्षं झाली होती. ‘धरण’ आणि ‘भूकंप’ या चौकटींमध्ये बाण ओढायला पाचवीतलं पोरही कचरत नाही. पण त्यावर लिहायचं काय? ‘मुळे’ लिहिलं तर भूकंप धरणानेच घडवला असं होतं. अभ्यासकांचं म्हणणं असं की खडकांत ताण आधीपासूनच होता. पाणी भेगांतून खोल उतरलं, तिथला दाब वाढला आणि तुटायला आलेलं तुटलं. या विषयातले जाणकार हर्ष गुप्ता यांच्या १९९२ च्या पुस्तकाच्या नावात ‘इंड्यूस्ड’ हा शब्द आहे, त्यांच्याच २००२ च्या आढाव्याच्या नावात ‘ट्रिगर्ड’. दहा वर्षांत चौकटी त्याच राहिल्या, रेघेवरचा शब्द तेवढा बदलला. आपल्याकडे या दुसऱ्या शब्दासाठी ‘निमित्त’ आहे. ‘ताप काय, निमित्ताला झाला’ असं म्हणणाऱ्या म्हातारीला हा फरक कोणी समजावून द्यावा लागत नाही. दोन गुणांच्या आकृतीत त्याला जागा कुठे?

जागा नसण्याचं कारणही उघड आहे. रेघेवर शब्द मागितला की बरोबर उत्तरं अनेक होतात, आणि लाखो उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांना ‘आदर्श उत्तर’ हवं असतं. मंडळाची ही अडचण मला समजते. वर्गाला ती नसते. पण वर्गाने ती आपखुशीने उसनी घेतली आहे.

आकृत्यांचे गोडवे गाताना एक प्रयोगही विसरू नये. २०११ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात जेफ्री कार्पिकी आणि जनेल ब्लंट यांनी तो मांडला. काही विद्यार्थ्यांनी मजकूर समोर ठेवून संकल्पनाचित्र काढलं, काहींनी मजकूर बाजूला सारून आठवेल ते लिहिलं. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा दुसरे पुढे निघाले. आपली उजळणी बिचारी उगाच बदनाम झाली होती म्हणायची. यावरून आकृत्या फेकून द्याव्यात असं मला वाटत नाही. पुस्तक मिटावं आणि मग आकृती काढावी, एवढंच वाटतं. जिथे पेन्सिल थांबते ती जागा शिक्षकाने बघावी.

कोयनेच्या खोऱ्यातल्या एका शाळेत नववीच्या मुलांबरोबर मी हे करून पाहिलं. जुन्या कॅलेंडरांची पानं उलटी करून घेतली होती, विषय ‘आपलं धरण’, पुस्तकं दप्तरात. अट एकच, रेघेवर शब्द हवा. पहिल्या दहा मिनिटांत चौकटींचा पाऊस पडला. मग वर्ग गप्प झाला. खिडकीशी बसलेल्या एका मुलीने ‘धरण’ आणि ‘पणजोबांचं गाव’ अशा दोन चौकटी काढल्या होत्या. गाव बुडितातलं, माणसं वर डोंगराला सरकलेली. रेघेवर तिने ‘मुळे’ लिहिलं, थोडा वेळ बघत बसली, खोडलं आणि ‘साठी’ लिहिलं. तेही खोडायला घेतलं तेव्हा मी विचारलं, काय झालं?

“सर, आजोबा म्हणतात, धरणासाठी गाव दिलं. आजी म्हणते, दिलं कसलं, धरणामुळे गेलं.” मग खोडरबर तसाच हातात धरून म्हणाली, “दोन रेघा काढल्या तर चालतील?”

मी म्हटलं, काढ. कागद तोवर खोडून खोडून पातळ झाला होता, म्हणून तिने दुसरी रेघ जरा लांबून, वळसा घालून नेली.