नाव, चेहरा आणि चौकट

व्यक्तिचित्र हे विशिष्ट व्यक्तीचे असते, आणि ती कोण हे कळल्यावाचून त्याचा अर्थ पुरा होत नाही, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. अठराव्या शतकातील फ्रेंच उमराव स्त्रियांची हस्तिदंतावरील लघुव्यक्तिचित्रे या गृहीताची कसोटी पाहतात.

व्हेनिसची चित्रकर्त्री रोझाल्बा कारिएरा हिने १७०० च्या सुमारास चर्मपत्राऐवजी हस्तिदंत वापरण्याची रीत रुजवली. १७२०-२१ मध्ये ती पॅरिसमध्ये होती. हस्तिदंताच्या पातळ पापुद्र्यावर पारदर्शक जलरंग देताना गालाची कांती पूर्णपणे झाकली जात नाही. तळचा हस्तिदंतच त्वचा होऊन उजळतो. असे चित्र डबीच्या झाकणावर, कंकणात किंवा गळ्यातील पदकात बसवले जाई. कधी मागील बाजूस केसांची बट असे. ते ज्याच्या तळहातावर विसावणार होते, त्याला नाव सांगण्याची गरज नव्हती. म्हणूनच पुष्कळदा ते लिहिलेलेही नसे. येथे अनामिकता ही मुळात जवळिकीची खूण होती, विस्मृतीची नव्हे.

१९ जून १७९० रोजी फ्रान्सच्या संविधानसभेने वंशपरंपरागत उमरावपद रद्द केले. पुढील वर्षांत अनेक घराणी परागंदा झाली, वस्तूंचे धनी बदलले. ओळखणारा डोळा नाहीसा झाला, की तोच चेहरा ‘अज्ञात स्त्री’ ठरतो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उलट प्रक्रिया घडली. बाजाराला नावे हवी होती. मारी आंत्वानेत, मादाम द पाँपादूर, प्रिन्सेस द लाँबाल यांची म्हणून शोभेची लघुचित्रे विपुल प्रमाणात तयार झाली. त्यांना हस्तिदंती पट्ट्यांच्या चौकटी लाभल्या, काहींवर जुन्या नामवंत चित्रकारांच्या खोट्या सह्याही आल्या. परिणामी अस्सल चित्राजवळ चेहरा उरला, नाव नाही. नकली चित्राजवळ नाव आहे, पण त्या नावाचा चेहरा असेलच असे नाही.

यावर आक्षेप संभवतो. मृत स्त्रीला खोट्या नावाने कोणती इजा होते? शिवाय ज्या वर्गाने असंख्य माणसांना अनामिक ठेवले, त्या वर्गातील स्त्रीच्या नावाची एवढी चिंता का? आफ्रिकेतून हा हस्तिदंत वाहून आणणाऱ्यांची चित्रे कोणी पदकात जपली नाहीत. आक्षेप वजनदार आहे. परंतु त्याचा निष्कर्ष वेगळा निघतो. माणसाला नाव नाकारणे हा अन्याय असेल, तर त्याच्यावर दुसऱ्याचे नाव लादणे हा त्याच अन्यायाचा दुसरा प्रकार ठरतो. दोन्हींत माणूस अदलाबदलीची वस्तू होतो.

साहित्यसंहितेच्या वाचनालाही हे लागू पडते. जिचा उद्दिष्ट वाचक हरपला आहे अशा खासगी पत्रासमोर आजचा वाचक त्या उद्दिष्टाची जागा बळकावू पाहतो. तुटलेला संदर्भ सोयीच्या नावाने सांधतो. शोध घेऊ नये, असा याचा अर्थ नव्हे. पुरावा मिळाल्यास नाव परत करणे हे कर्तव्यच आहे. पुरावा नसताना मात्र ‘अज्ञात स्त्री’ ही पाटी ज्ञानाची उणीव सांगते, त्याचबरोबर एक मर्यादाही पाळते: ही नजर आपल्यासाठी नव्हती, हे ती मान्य करते.