तेराव्या प्रकरणानंतर

चि. सानिकास,


ताईकडून सगळं कळलं. ‘ट्वायलाइट’ निम्म्यावर आलं आणि आता हात लावावासा वाटत नाही. ज्या मैत्रिणीने कौतुकाने दिलं ती रोज डबा खाताना ‘कुठवर आलीस?’ म्हणून विचारते, आणि तू न वाचताच एकेक प्रकरण पुढे सरकते आहेस. ताईला काळजी अशी की पोरगी हाती घेतलेलं काही तडीस नेत नाही. मला नाही तसं वाटत. पुस्तक खुशाल ठेवून दे. ते खोटं सरकणं मात्र आजच थांबव. उद्या मैत्रिणीने शेवटाबद्दल विचारलं तर फजिती होईल.

पानात वाढलेलं संपवून उठायचं, ही आपल्या घरची शिस्त. ती पुस्तकाला लागू नाही. पानातलं टाकलेलं वाया जातं, पुस्तक मात्र पुढच्या वाचकासाठी जसंच्या तसं राहतं. वाचनालयाच्या टेबलाशी बसून मी हे रोज बघते. परत आलेलं जाड पुस्तक मिटून कड बघावी, तर पहिली शे-दीडशे पानं बोटांनी मळलेली आणि पुढची कोरी. त्या रेघेवरून कळतं, बहुतेकांनी कुठे राम राम ठोकला ते. नावाजलेल्या पुस्तकांतही ही रेघ दिसते. त्यांच्यात जरा जास्तच, कारण ती नाव ऐकून नेलेली असतात.

दानिएल पेनाक नावाच्या फ्रेंच लेखकाने, जो स्वतः शाळामास्तर होता, १९९२ साली वाचकाचे दहा हक्क लिहून काढले. त्यात तिसराच हक्क पुस्तक पुरं न करण्याचा. सिएटलच्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांचा हिशेब आणखी सोपा: पुस्तकाला पन्नास पानं द्या, वय पन्नासच्या पुढे असेल तर शंभरातून वय वजा करा आणि उरतील तेवढीच द्या. माझा कोटा त्यामुळे वर्षागणिक घटतो आहे, आणि मला त्याचं मुळीच वाईट वाटत नाही. तू तर अडीचशेच्या आसपास दिलीस. आणखी किती द्यायची?

आता गंमत ऐक. तू थांबलीस ते रानातल्या कुरणाच्या प्रकरणानंतर लगेच, म्हणजे तेरावं संपवून चौदाव्यात. लेखिका स्टेफनी मायर यांनी सांगितलंय की जून २००३ मध्ये त्यांना एक स्वप्न पडलं: कुरणात एक साधी मुलगी आणि उन्हात चमकणारा व्हॅम्पायर बोलत उभे आहेत. त्यांनी आधी तेच लिहिलं. ते आजचं तेरावं प्रकरण. तिथून शेवटापर्यंत लिहीत गेल्या, आणि मग मागे येऊन पहिली बारा प्रकरणं लिहिली. फोर्क्स हे गावसुद्धा त्यांनी न पाहता, अमेरिकेत सगळ्यात जास्त पाऊस कुठे पडतो ते इंटरनेटवर शोधून निवडलं. म्हणजे शाळा, पाऊस, प्रयोगशाळेतलं ते शेजारी बसणं, हे सगळं त्या कुरणापर्यंत पोचवायला बांधलेला रस्ता आहे. ज्या दृश्यासाठी पुस्तक जन्मलं ते तुझं वाचून झालं. त्यानंतर तुझी भूक भागली असेल, तर त्यात ना तुझा दोष, ना पुस्तकाचा.

पण ताई म्हणाली ते वेगळंच होतं. तुला कंटाळा आला नाही, तुला ‘कसंतरी’ झालं. हे दोन निराळे. कंटाळ्याला कारण द्यावं लागत नाही. कसंतरी होण्यामागे मात्र काहीतरी असतं, ते पकडल्याशिवाय पुस्तक कपाटात ढकलू नकोस. माझा अंदाज सांगू? चौदाव्यात व्हॅम्पायर एडवर्ड कबूल करतो की तो जवळजवळ रोज रात्री नायिका बेलाच्या नकळत तिच्या खोलीत येऊन तिला झोपलेली बघत असतो. तिचा बाप गावचा पोलीसप्रमुख, तोही घरातच! आणि बेला? तिला राग येत नाही, उलट मनातून सुखावते. लाज वाटते ती झोपेत आपण काय बरळलो असू याची. तिला जे चाललं ते तुला चाललं नाही. लेखिकाही तिथे बेलाच्या बाजूला आहे, तुझ्या नाही. माझं मत विचारशील तर तुझं बरोबर आहे. तुझ्या मैत्रिणीला ते गोड वाटलं असेल, त्यावर तिच्याशी वाद घाल. पण ‘तुला हे आवडतंच कसं’ असं तोंड करून नको. दहा कोटींहून जास्त प्रती खपलेल्या मालिकेचे सगळे वाचक मूर्ख नसतात.

मैत्रिणीला सरळ सांग: चौदाव्यात थांबले, पुढे जावेना, आणि का ते. ‘त्यात काही घडतच नाही’ असं मात्र म्हणू नकोस, कारण ते खरं नाही. पुढे वादळात बेसबॉलचा डाव रंगतो, जेम्स नावाचा शिकारी मागे लागतो, फीनिक्सपर्यंत पळापळ होते. तेव्हा पुस्तकाची चाल पार बदलते. तू वाचलंस त्यावर कितीही कडक बोल, न वाचलेल्या निम्म्यावर गप्प बस. सिनेमा बघून ती भोकं बुजवायचीही गरज नाही.

येत्या रविवारी ताईबरोबर मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ पाठवते. नववीतला मुकुंद, आणीबाणीचे दिवस, आणि त्याची शिरोडकर. इथेही मुलगा मुलीच्या मागे मागे आहे, आणि गोष्ट सांगतो तोच, त्यामुळे तिच्या मनात काय चाललंय ते आपल्याला कळतं तेवढं त्याच्याकडूनच. तिथे तुला कसंतरी होतं का, आणि नाही झालं तर का नाही, ते मला लिही. कंटाळलीस तर पन्नासाव्या पानाला परत पाठव; दुसरी मुलं नंबर लावून बसलीच आहेत.

तुझी,
मावशी