मुखराग

सोलापूरच्या पूर्वभागात आमच्या शेजारी एक पद्मशाली कुटुंब राहायचं. त्यांची नवी सून तेलंगणातून आलेली, मराठी जेमतेम. एकदा आईनं तिला हळूच बजावलं, "आज यांना राग आलाय, जरा सांभाळून." तर ती दाराशी कान देऊन बसली. बाबा आता गाणार, अशी तिची समजूत! तेलुगूत राग म्हणजे गाण्यातला. चिडतात त्याला कोपम् म्हणतात. कानडीतही राग गाण्यातलाच. शेजारच्या भाषांनी तो तंबोऱ्यापाशी ठेवला, आपण डोक्यात घालून घेतला.

पुढे भरताच्या नाट्यशास्त्राच्या आठव्या अध्यायात 'मुखराग' हा शब्द भेटला, तेव्हा मीही त्या सुनेसारखाच फसलो. रागीट चेहरा असेल, असं वाटलं. पण संस्कृत 'रञ्ज्' म्हणजे रंगणं. रंग त्यातूनच आला आणि रागही. अनुराग, विराग ही त्याचीच भावंडं. (बार्शी तालुक्यात वैराग नावाचं गाव आहे. तिथली माणसंही व्यवस्थित रागावतात.) तेव्हा मुखराग म्हणजे तोंडावर चढलेला रंग.

भरतानं तो चार प्रकारचा सांगितला: स्वाभाविक, प्रसन्न, रक्त आणि श्याम. शृंगार, हास्य, अद्भुत यांना प्रसन्न. भयानक, बीभत्स यांना श्याम. रक्त हा वीर आणि रौद्राचा, हे ओघानंच आलं. पण तोच त्यानं करुणालाही दिला. भांडून लाल झालेलं तोंड आणि रडून लाल झालेलं तोंड एकाच खणात! मराठीनं या चारांतला एकच रंग 'राग' म्हणून ठेवला, तोही अर्धा. रडणं त्यातून गाळून टाकलं. बाकीचे रंग मात्र बोलण्यात शिल्लक आहेत. माणूस काळाठिक्कर पडतो, पांढराफटक होतो. आणि गोरामोरा होतो, त्याला तर भरताकडेही खण नाही.

चेहऱ्याला आपण मुद्राही म्हणतो. मुद्रा म्हणजे ठसा, पंढरपुरात कपाळावर गंधाचा उमटवतात तसा. तो बाहेरून बसतो. राग मुरतो. आमच्याकडे सूत रंगवणाऱ्याला विचारा: लडी नुसती वरवर रंगली तर चादर पहिल्या धुण्यातच रंग सोडते.

मग नटानं हा रंग आणायचा कुठून? चेहऱ्याचा वर्ण पालटणं, वैवर्ण्य, भरतानं सात्त्विक भावांत घातलं आहे. ते नाडी दाबून आणावं, असा उपाय तो सांगतो आणि प्रयत्नपूर्वक, अशी पुस्तीही जोडतो. म्हणजे काम सोपं नाही, हे त्याला ठाऊक होतं. डार्विननं 1872 च्या आपल्या भावाभिव्यक्तीवरच्या ग्रंथात लाजेच्या लालीला अख्खं प्रकरण दिलं. त्याच्या मते ती कुठल्याही शारीरिक उपायानं आणता येत नाही, आणि दाबायला जावं तर उलट वाढते. या बाबतीत मला भरतापेक्षा डार्विन खरा वाटतो.

एकदा नाटकाला दुसऱ्या रांगेत बसलो होतो. बापाच्या मरणाचा प्रसंग चालू होता. नायकाच्या तोंडावर मेकअपचा जाड थर, त्यावर काही उमटायला जागाच नव्हती. बोलता बोलता तो मध्येच थांबला. रंगभूषाकाराचा हात कानांपर्यंत पोचला नव्हता. ते दोन्ही कान हळूहळू लालबुंद झाले. दुःखानं, संतापानं, की पुढचं वाक्य विसरला म्हणून, काही कळेना.