गळ आणि विष एकाच कलमात

गडचिरोली जिल्ह्यात, हेमलकशाजवळ भामरागडला, पामुलगौतम, पर्लकोटा आणि इंद्रावती या नद्या एकमेकींना मिळतात. उन्हाळ्यात धार बारीक होते, मासे डोहांत गोळा होतात. अशा वेळी मासेमारीचे नियम मोडायला फारसे कष्ट पडत नाहीत. जंगलपट्ट्यात गेळफळासारखी फळे ठेचून पाण्यात टाकायची जुनी रीत आहे. त्यासाठी गाव एकत्र उतरायचे आणि मासळीचे वाटे पडायचे. फवारणीच्या औषधाची बाटली मात्र एकट्यालाही पुरते. पुन्हा त्याच पाण्यावर गुरे येतात आणि खालच्या वस्तीच्या घागरी भरतात.

1897 च्या मत्स्य कायद्याने पाण्यात सुरुंग उडवणाऱ्याला किंवा विष घालणाऱ्याला दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा 200 रुपयांपर्यंत दंड सांगितला. तेव्हाच्या मजुराला तेवढे मिळवायला वर्षे लागली असती. 1927 च्या वन अधिनियमाचे कलम 26 मला जास्त खटकते. राखीव जंगलात नियमाविरुद्ध शिकार करणे, मासे धरणे, पाण्यात विष कालवणे, फासे लावणे हे सगळे तिथे एकाच उपकलमात आहे. मूळ कायद्यात शिक्षाही सर्वांना एकच: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 500 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. संध्याकाळच्या कालवणापुरते दोन मासे गळाला लावणारी म्हातारी आणि अख्खा डोह मारणारा, दोघे एकाच ओळीत! ही ओळ लिहिणाऱ्याला जंगल सरकारचे दिसत होते. तिथे कोण जेवते, हे त्याने पाहिलेच नाही.

2006 च्या वनहक्क कायद्याने ही नजर बदलली. पाणवठ्यातल्या माशांवर सामूहिक हक्क मान्य झाला आणि पाण्याचे स्रोत राखायचा अधिकार ग्रामसभेकडे आला. 2009 मध्ये याच जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाने सामूहिक वनहक्क मिळवला.

दंड वाढवला की प्रश्न सुटतो, असे शहरातल्या माणसाला वाटते. कोकण किनाऱ्यावर एलईडी दिव्यांच्या मासेमारीला 2021 च्या दुरुस्तीने पाच ते वीस लाखांचा दंड आला. मोठ्या बोटीच्या मालकासाठी तो योग्यच. त्याची कमाई दोनपाचशे रुपयांना घाबरणारी नाही. पण तीच मोजपट्टी इथल्या माडिया आदिवासी घरावर लावली, तर म्हातारीची चूल विझेल आणि बाटलीवाला पैसे भरून मोकळा होईल.

म्हणून शिक्षा कोणी ठरवायची, यात मी ग्रामसभेच्या बाजूने आहे, थोडा साशंक राहूनच. बाटली सरपंचाच्या पुतण्याच्या हातात सापडली, तर सभा त्याला उभे करील का? गावात कोणी कोणाला परके नसते, आणि ओळखीच्या माणसाला दंड करणे फार जड जाते. दुसरी अडचण नदीची. पाणी गावाच्या शिवेवर थांबत नाही. इंद्रावतीचा पलीकडचा काठ छत्तीसगडचा. मेलेले मासे तिकडे लागले, तर तिथल्या माणसाने कोणत्या सभेत उभे राहून विचारायचे? निदान खालच्या गावाला दंड ठरवणाऱ्या बैठकीत बसायला जागा हवी, आणि दंडातला पहिला वाटाही त्यालाच मिळायला हवा.