बाण करणारा गुरू

श्रीदत्तप्रभूंचे चोवीस गुरू आपण लहानपणापासून ऐकत आलो. पृथ्वी, वायू, आकाश, सूर्य, समुद्र अशा थोर नावांच्या पंगतीत एक साधा कामकरी माणूसही बसला आहे. शरकार, म्हणजे बाण तयार करणारा. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले गुरू सांगतो. हा अवधूत म्हणजेच दत्तात्रेय, अशी आपली परंपरा. याच स्कंधावर नाथमहाराजांनी टीका लिहिली आणि १५७३ साली काशीत ती पूर्ण केली. त्यात हा शरकार भेटतो. शेजारून राजाची स्वारी वाजतगाजत गेली, पण याला पत्ताच नाही. तो आपला बाण सरळ करतोय.

कीर्तनात इथे एकाग्रतेवर चार शब्द होतात आणि बुवा पुढच्या गुरूकडे वळतात. मला मात्र त्या माणसाच्या हाताचं कुतूहल वाटतं. ती एकाग्रता काही त्याच दिवशी आली नसणार. त्याआधी किती काड्या वाकड्या गेल्या असतील, किती चुलीत गेल्या असतील! आणि मग प्रश्न पडतो, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा केल्याने माणूस खरोखर सुधारतो का? की नुसता सरावतो? हा प्रश्न आपल्या घरातलाच आहे. दत्तजयंती आली की गुरुचरित्राचे सप्ताह बसतात आणि "माझी एकवीस पारायणं झाली" असं सांगणारे भेटतात. एकविसावं पारायण पहिल्यापेक्षा वेगळं झालं का, हे विचारायचं धाडस कोणी करत नाही.

याचं उत्तर मला पोथीत शोधण्याआधी मिरजेत दिसलं. कोल्हापूरहून पन्नासेक किलोमीटर. तिथे तंबोऱ्याची जवारी लावताना मी एका वयस्क कारागिराजवळ तासभर बसलो होतो. भोपळ्यावरच्या ज्या घोडीवरून तारा जातात, तिचा माथा दिसायला सपाट, पण त्याला डोळ्यांना न कळेल इतका बाक असतो. कंप पावणारी तार त्या बाकाला अलगद घासत राहते, म्हणून तंबोरा नुसता वाजत नाही, गुंजतो. हा बाक कानशीनं काढायचा. माप नाही, पट्टी नाही. कानस दोनदा फिरवायची, तार चढवायची, छेडायची, ऐकायची. तार उतरवायची. पुन्हा कानस. त्या तासात चाचांनी हे किती वेळा केलं, मी मोजायचं सोडून दिलं. पण एक गोष्ट लक्षात आली. कानस फिरण्याचा वेळ थोडा होता आणि ऐकण्याचा जास्त. एकदा मला वाटलं आता अगदी छान लागली, तरी ते मान हलवत राहिले. पुढे एका क्षणी हात थांबला. मी म्हटलं, "अजून थोडं?" ते म्हणाले, "न्हाई साहेब. आता एक हात मारला की गेलं बघा. काढलेलं परत चिकटवता येत न्हाई."

जास्त घासलं गेलं तर सगळा माथा पुन्हा सारखा करून पहिल्यापासून सुरुवात.

भागवतात शरकाराच्या गोष्टीच्या अगदी आधी मन एका ठिकाणी लावायचा उपाय सांगितला आहे. त्यात अभ्यास आणि वैराग्य ही जोडी येते, आणि हे सारं तंद्रेविना, म्हणजे झोप-आळस न येऊ देता करायचं, असंही येतं. गंमत पाहा, आपण मराठीत "तंद्री लागली" हे कौतुकानं म्हणतो आणि ग्रंथ तंद्रा टाळा म्हणतो! मिरजेच्या त्या तासानंतर ही जोडी मला जरा समजली असं वाटतं. कानस चालवणं हा अभ्यास. योग्य जागी कानस खाली ठेवणं हे वैराग्य. आणि दर वेळी नव्यानं ऐकणं हे जागेपण. त्याच्याशिवाय हजार वेळा केलेलं काम म्हणजे एकदाच केलेलं काम, हजारदा.

एक शंका मात्र सुटत नाही. शरकार करत होता तो बाण. तो कुणाच्या तरी छातीत जाणार. मग असा माणूस गुरू कसा? एक उत्तर असं देतात की अवधूतानं गुण उचलला, बाण तिथेच ठेवला, जसं पिंगलेकडून फक्त तिचं वैराग्य घेतलं. शिकणाऱ्यापुरतं हे खरं. पण करणाऱ्याचं काय? कौशल्य स्वतःहून विचारत नाही की मी काय घडवतोय. मिरजेचे वाद्यकार मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात हत्यारांचं काम आटलं आणि फरीदसाहेब शिकलगारांसारखी माणसं सतारी-तंबोऱ्यांकडे वळली. २०२४ मध्ये त्याच मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. वळण पोटासाठी होतं, उगाच त्याला उपदेशाचा रंग देऊ नये. पण पात्याची धार ओळखणारा हात आणि जवारीचा बाक ओळखणारा हात यांत मला फार अंतर दिसत नाही. अंतर आहे ते पुढे काय होतं यात. तेवढ्यासाठी तरी कारागिरानं अधूनमधून मान वर करून स्वारी कुणाची चालली आहे ते पाहावं, असं माझं मत. शास्त्रीबुवांना ते पटणार नाही.

आता बऱ्याच भजनांत तंबोऱ्याच्या जागी इलेक्ट्रॉनिक पेटी असते. तिची जवारी कधी उतरत नाही, माझी तक्रार नाही. खऱ्या तंबोऱ्याची उतरते. तारेच्या घासण्यानं घोडीवर बारीक चर पडतात, गुंज बसते, आणि तंबोरा पुन्हा मिरजेला न्यावा लागतो. चाचांना विचारलं, इतकं मेहनतीनं लावलेलं मोडतं, वाईट नाही वाटत? ते हसले. "वाजवला म्हणून तर उतरली," म्हणाले, आणि पुढची घोडी हातात घेतली.