शेजारचा रंग

१९२० साली जर्मनीतल्या वायमार गावी, बाउहाउस या कलाशाळेत, योजेफ आल्बर्स विद्यार्थी म्हणून दाखल झाला तेव्हा त्याचं वय ३२ होतं आणि त्याच्या मागे शाळामास्तरकीची बरीच वर्षं होती. महायुद्धानंतरचे चणचणीचे दिवस. साहित्याला पैसे नव्हते, म्हणून तो गावच्या उकिरड्यावरून फुटक्या काचा वेचून आणी आणि त्यांची चित्रं जुळवी. काचेचा रंग कालवता येत नाही, त्यात पांढरा घालून तो फिका करता येत नाही. कोणत्या तुकड्याशेजारी कोणता तुकडा बसवायचा, एवढंच काय ते हाती उरतं. पुढे आल्बर्सने आयुष्यभर रंगाविषयी जे शिकवलं, त्याचं बीज मला या सक्तीत दिसतं. रंगाचं सौंदर्य एकेकट्या रंगात शोधून सापडत नाही. ते दोन रंगांच्या शेजारात आणि तो शेजार पाहणाऱ्या डोळ्यात घडतं. चित्रकलेच्या विद्यार्थ्याला हे सर्वांत आधी कळायला हवं. आपल्या शाळांत मात्र आधी रंगचक्र पाठ होतं, मग पूरक रंग, उष्ण-शीत रंगसंगती, आणि शेवटी आखलेल्या आकारात ते सगळं नीट भरणं. पाहण्याचा तास असा कुठे नसतोच.

हा केवळ चित्रकाराचा लहरी आग्रह नव्हे. पॅरिसच्या गोबलँ या चित्रगालिच्यांच्या सरकारी कारखान्यात रंगाईवर देखरेख करणाऱ्या मिशेल शेव्हरल या रसायनशास्त्रज्ञाकडे तक्रार आली होती, की काळं सूत निळ्याशेजारी विणलं की मरगळलेलं दिसतं. त्याने सूत तपासलं. रंगाईत खोट निघाली नाही. शेजारच्या निळ्यामुळे काळ्याचा जोर गेल्यासारखा दिसत होता. त्यातून उभा राहिलेला त्याचा ग्रंथ १८३९ साली निघाला आणि युरोपच्या चित्रकारांच्या पिढ्यांनी तो अभ्यासला. येवल्या-पैठणच्या विणकरांना ही गोष्ट हातानेच ठाऊक होती. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा घेतला की पैठणीवर धूपछाँव उमटते, पदर हलला की रंगही हलतो. त्या झळाळीचा रंग कोणत्याच धाग्यात नसतो. डोळा मुळात तुलना करूनच पाहतो. दिव्याच्या पिवळ्या उजेडातही आपल्याला कागद पांढराच वाटतो तो याच सवयीमुळे, आणि तिच्याविना रोजचं जगणं कठीण झालं असतं. चित्रकाराला मात्र ही सवय ओळखावी लागते, कारण त्याचं सगळं काम तिच्यावरच चालतं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: सगळं पाहणाऱ्यावरच असेल तर ज्याला जे आवडेल ते सुंदर, मग शिकवायचं काय? आक्षेपात तथ्य आहे. बाउहाउसमधलाच दुसरा शिक्षक योहानेस इटेन याच्या वर्गात विद्यार्थ्यांनी तक्रार केली होती, की सरांनी सांगितलेल्या सुसंवादी रंगसंगती आम्हाला सुसंवादी वाटत नाहीत. त्याने प्रत्येकाला आपापल्या संगती रंगवायला लावल्या आणि त्या खरोखरच एकमेकींहून निराळ्या निघाल्या. पण आवड आणि दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाउहाउस १९३३ साली बंद पडल्यावर आल्बर्स अमेरिकेत गेला. तिथे ब्लॅक माउंटन कॉलेजात आणि नंतर येल विद्यापीठात त्याने रंग शिकवला. त्याचा एक पाठ असा: एकाच कागदाचे दोन तुकडे दोन वेगळ्या पार्श्वभूमींवर असे ठेवा, की ते दोन वेगळे रंग वाटावेत. हे साधलं की साऱ्या वर्गाला दिसतं, फसलं की तेही दिसतं. इथे मताला फारसा वावच राहत नाही. आवड ज्याची त्याची राहो. शिकवायचा आहे तो हा सर्वांना सारखा पारखता येणारा भाग.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि तो आपल्या परंपरेतून येतो. नाट्यशास्त्राने रसांना रंग नेमून दिले: शृंगाराला श्याम, रौद्राला लाल, हास्याला पांढरा. रंगाला असा अर्थ असताना त्याला निव्वळ डोळ्याचा खेळ का म्हणावं? पण नेमलेला अर्थ चित्रात उतरतो तो शेजारामुळेच. अमृता शेरगिल पॅरिसमध्ये शिकून आली, अजिंठा पाहून दक्षिणेत गेली आणि १९३७ साली तिने ‘ब्रह्मचारी’ रंगवलं. पांढऱ्या धोतराशी जोडलेला सोवळेपणा आपण सगळेच जाणतो. त्या चित्रात तो पांढरा बोलतो, कारण त्याला लागून सावळी अंगं आहेत. संकेत रंग निवडून देतो. त्यात प्राण येतो की नाही, ते मांडणीवर ठरतं.

असे पाठ घ्यायला साहित्य नाही, ही सबब तर टिकतच नाही. आल्बर्सला या पाठांसाठी रंगापेक्षा कागदच बरा वाटे: जुन्या मासिकांची पानं, छापखान्यातली कात्रणं, वाळकी पानंसुद्धा. जिल्हा परिषदेच्या शाळेतही हे जमेल. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांत संकल्पचित्राच्या जोडीला असा एक प्रश्न घालता येईल: एकाच कात्रणाचे दोन रंग करून दाखवा. परीक्षकाला गुण देणंही अवघड जाणार नाही; भोवतालचा कागद झाकला की तुकडे एकाच रंगाचे आहेत का, ते त्याला लगेच दिसेल.